नंदीबैल आणि माकडाचं ठिगळ



गेल्या वर्षी जुलैत, एका दुपारी आमच्या शाळेच्या फाटकाशी एकदम पंधरा-वीस आया गोळा झाल्या. एक जण तर भाताची लावणी टाकून चिखलाच्या पायांनीच धावत आली होती. "बाई, माझा पोरगा कुठंय?" पोरगा वर्गात बसून नवाचा पाढा म्हणत होता! त्या दिवशी हजेरी ४१ पैकी ४१. आणि तरी ४१ घरांतल्या मोबाइलवर निरोप गेला होता: 'आपला पाल्य आज शाळेत आलेला नाही.'

हा उद्योग कुणाचा, सांगू? माझ्या भाच्याचा. तो कॉम्प्युटर शिकतो. त्याने मला हौसेनं एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. मी हजेरी मांडायची, आणि अकरा वाजता गैरहजर मुलांच्या घरी आपोआप निरोप जायचा. त्या दुपारी तो घरी बसून प्रोग्रॅमची चाचणी घेत होता. चाचणीसाठी त्याने सगळा वर्ग गैरहजर दाखवला, आणि निरोप खरेच गेले.

"अगं मावशी, पण निरोप पाठवणाऱ्या भागाच्या जागी मी खोटा भाग बसवला होता!" तो रडकुंडीला आला होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, खोटा भाग म्हणजे काय? सिनेमात हीरो तिसऱ्या मजल्यावरून उडी मारतो, तेव्हा तो हीरो नसतोच. त्याच्यासारखे कपडे घातलेला दुसराच माणूस असतो. प्रोग्रॅमच्या चाचणीतही असे तोतये असतात. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांना सिनेमावरूनच 'टेस्ट डबल' असं नाव दिलं. त्यातला एक ठरलेलं उत्तर देतो, तो 'स्टब'. कुणी काय सांगितलं ते गुपचूप टिपून ठेवतो, तो हेर. आणि 'मॉक'ला आधीच बजावलेलं असतं, की तुला असा असा निरोप यायला हवा, नाही आला तर बोंब मार. रोजच्या बोलण्यात मात्र लोक सगळ्यांनाच सरसकट मॉक म्हणून मोकळे होतात.

खऱ्याच्या जागी तोतया बसवणं म्हणजे 'पॅच' करणं, आपल्या भाषेत ठिगळ लावणं. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, बरं का! १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राचा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे. भोक चुकलं की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचे. प्रोग्रॅम चालू असताना ठिगळ लावलं, तर त्याला 'मंकी पॅच' म्हणतात. माकड कुठून आलं? सांगतात ते असं, की मूळ शब्द होता 'गरिला' पॅच, म्हणजे आपल्या शिवरायांच्या गनिमी काव्यासारखं गुपचूप लावलेलं ठिगळ. ऐकणाऱ्यांनी त्याचा गोरिला केला आणि गोरिलाचं झालं माकड!

मग भाच्याचं चुकलं कुठे? असं बघा. शाळेच्या ऑफिसातल्या फळ्यावर डॉक्टरांचा नंबर लिहिलेला आहे. जूनमध्ये मी तो माझ्या डायरीत उतरवून घेतला. पुढे कुणी फळ्यावरचा नंबर बदलला, तरी मी फोन लावणार तो डायरीतला बघूनच. भाच्याचा प्रोग्रॅम पायथन भाषेत होता. निरोप पाठवणारं फंक्शन एका फाइलमध्ये, आणि हजेरीच्या फाइलने सुरुवातीलाच त्याचं नाव आपल्याकडे उतरवून घेतलेलं. याने तोतया बसवला फळ्यावर. डायरीत खराच नंबर राहिला! ठिगळ लावायचं ते जिथे नाव वापरलं जातं तिथे. पायथनच्या माहितीपुस्तिकेत यावर वेगळा भागच आहे, इतके लोक इथे फसतात.

मोठी चूक मात्र माझी. चाचणीसाठी पालकांचे खरे नंबर द्यायची गरजच नव्हती. मी सगळी यादी उचलून दिली होती.

ठिगळ जागेवर लागलं. चाचण्या छान पास व्हायला लागल्या. आणि सप्टेंबरात दुसरी गंमत झाली. गंमत कसली, माझे हातपाय गार पडले होते. तिसरीतला एक मुलगा शाळेत न येता ओढ्यावर खेकडे पकडायला गेला. मी हजेरीत गैरहजर मांडला. निरोप गेलाच नाही. घरचे म्हणतात शाळेत आहे, मी म्हणते घरी कळवलंय. पाच वाजता तो आपल्या पायांनी घरी आला, पण तोवर तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. काही घरांना हिंदीत निरोप हवा होता, म्हणून भाच्याने निरोपाच्या फंक्शनला नंबर आणि मजकूर यांच्याबरोबर तिसरी गोष्ट मागायला लावली: भाषा. हजेरीची फाइल मात्र अजून दोनच गोष्टी देत होती. खरं फंक्शन अडून बसलं आणि प्रोग्रॅम तिथेच बंद पडला. मग चाचणीत का नाही कळलं? कारण तिथे होता मॉक, आणि साधा मॉक म्हणजे नंदीबैल. पाऊस पडेल का? मान हलवतो. पडणार नाही का? तरी मान हलवतो. दोन गोष्टी द्या, पाच द्या, त्याचं आपलं गुबुगुबु चालूच!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं ठाण मांडून बसलो. पायथनमध्ये २०१२ सालापासून, म्हणजे ३.३ आवृत्तीपासून, 'युनिटटेस्ट.मॉक' आयतंच मिळतं. निरोप किती वेळा दिला, कोणता दिला, सगळं ते टिपून ठेवतं. त्यातच 'ऑटोस्पेक' आहे. तो आधी खऱ्याचं माप घेतो आणि मग तोतया शिवतो. तीनच्या जागी दोन गोष्टी दिल्या की तोतयाही अडून बसतो. पण नंबराच्या जागी मजकूर आणि मजकुराच्या जागी नंबर दिला, तर तेवढं त्याला उमगत नाही. ते आपण चाचणीत विचारून घ्यायचं.

दुसरं हत्यार पायटेस्टमधलं 'मंकीपॅच'. ते ठिगळ लावतं आणि चाचणी संपली की स्वतःच उसवून टाकतं. टिपून ठेवणं वगैरे काही नाही, तोतया आपणच शिवायचा. अकरा वाजायची वाट बघत बसायला नको म्हणून आम्ही खोटं घड्याळ बसवलं, ते यानेच.

मला मात्र तिसरी तऱ्हा आवडली. तिला ठिगळच लागत नाही. हजेरीच्या फंक्शनला सांगायचं, 'निरोप्या मी तुझ्या हातात देते.' रोज खरा द्यायचा, चाचणीत वहीत लिहून ठेवणारा खोटा द्यायचा. वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. भाचा म्हणाला, "मावशी, दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये असं कसं करशील? तिथे ठिगळच लावावं लागतं." तेही खरंच. पण त्याने यादीला, तारखेला, मोजणीलाही ठिगळं लावली होती, ती मी काढायला लावली. नाहीतर गोधडीत मूळ कापडच उरायचं नाही. मग तपासायचं ते काय?

हो, आणि एक निरोप आम्ही मुद्दाम खरा ठेवलाय. शाळेच्या दिवशी सकाळी साडेदहाला तो फक्त माझ्याच मोबाइलवर येतो: 'बाई, ही चाचणी आहे.' तो आला नाही, तर मी हजेरीची वही उघडते आणि गैरहजर मुलांच्या घरी स्वतः फोन लावते. गेल्या सोमवारी असे तीन फोन लावले.

तुमच्या बाई