पडदाही तराजूसारखा तपासा

विद्यार्थी मित्रांनो, तराजूने वजन करण्यापूर्वी तुम्ही काय करता? पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो की नाही ते पाहता. पण संगणकाच्या पडद्यावर लिटमसचा रंग पाहताना ही खबरदारी कोण घेतो? कोणीच नाही! माझे मत असे की, शाळेतील मॉनिटरचे रंग जुळवणे हाही एक प्रयोग मानावा, आणि तो दर सत्रात विद्यार्थ्यांनीच करावा.

‘डोळ्यांना बरे दिसते, मग झाले,’ असे कोणी म्हणेल. परंतु डोळा हा इथे भरवशाचा साक्षीदार नव्हे. कागद पिवळ्या दिव्याखाली धरा की अंगणात धरा, तुम्ही त्याला पांढराच म्हणता. निळसर पडद्याचीही नजरेला अशीच सवय होते आणि चूक लक्षातच येत नाही.

एवढ्याने काय बिघडते? भाताला नत्रखत हवे की नको, हे पानाचा हिरवेपणा छापील रंगतक्त्याशी ताडून ठरवतात. त्या वेळी पान स्वतःच्या सावलीत धरतात, इतकी काळजी घेतात. समजा, गावाहून काकांनी पानाचे छायाचित्र पाठवले आणि तुम्ही तक्ता पडद्याशेजारी धरला. रात्रीसाठीचा पिवळसर प्रकाश चालू राहिला असेल, तर पान पिवळट दिसेल आणि नको असलेला युरिया शेतात पडेल. (कॅमेऱ्याने केलेली चूक आणखी वेगळीच!)

तेव्हा पडदा अर्धा तास चालू ठेवा. त्यावर खिडकीतले ऊन येऊ देऊ नका. तो रात्रीचा प्रकाश बंद करा. रंगतापमान ६५०० केल्व्हिन निवडा. १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘एसआरजीबी’ पद्धतीतला पांढरा रंग जवळजवळ हाच आहे.

आता गंमत पाहा. पडद्यासाठी काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. मग १२८ हा अंक निम्मा उजेड देत असेल, असे वाटते ना? या पद्धतीत तो जेमतेम २२ टक्के उजेड देतो! निम्म्या उजेडाला सुमारे १८८ हा अंक लागतो. एकाआड एक काळ्या-पांढऱ्या, अगदी एकेका ठिपक्याएवढ्या जाड रेघांचा चौकोन काढा. शेजारी १८८ अंकाचा करडा चौकोन ठेवा. चित्र लहानमोठे न करता दुरून पाहा. दोन्ही सारखे दिसले, तर उजेडाची चढण ठीक आहे.

एवढ्याने पडदा अचूक झाला, असा दावा मी करणार नाही. त्यासाठी पडद्याचा प्रकाश मोजणारा रंगमापक हवा. तो एकच घेऊन तालुक्यातील शाळांना आळीपाळीने वापरता येईल.

आणि सोडियमच्या ज्योतीचा पिवळा रंग? त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. पडद्यावर मात्र तांबडा आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळ्याचा भास होतो. खरा पिवळा पाहायचा, तर चिमूटभर मीठ आणि स्पिरिटचा दिवाच हवा. तो सरांच्या देखरेखीखालीच पेटवा.