निकालाआधी नाटक पाहा

हिंदूराव, मलकागंज, कमला नगर, बाडा हिंदूराव या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनो, मार्च महिना हा दिल्लीतल्या नाटकवेड्यांचा सण असतो. या सणाला तुम्हीही यावं म्हणून हे आवाहन.

महिंद्रा एक्सलन्स इन थिएटर अवॉर्ड्स, नाटकवाल्यांच्या तोंडी नुसतं ‘मेटा’, हे पुरस्कार २००६ साली सुरू झाले. देशभरातल्या नाट्यसंस्था आपल्या नाटकाचं चित्रीकरण पाठवतात. अलीकडच्या वर्षांत अशा तीनशेहून अधिक प्रवेशिका येतात. निवड समिती त्या पाहून दहा नाटकं निवडते. मग ही दहाच्या दहा नाटकं आपल्या नेपथ्यासकट, वादकांसकट, सगळ्या नटसंचासह दिल्लीत येतात आणि साधारण आठवडाभर मंडी हाउसच्या कमानी सभागृहात आणि श्रीराम सेंटरमध्ये त्यांचे प्रयोग होतात. परीक्षक ते प्रयोग तुमच्याआमच्यासारखेच प्रेक्षागृहात बसून पाहतात. शेवटच्या संध्याकाळी निकाल लागतो.

यातली सर्वात मोठी गोष्ट नीट लक्षात घ्या. टीव्हीवर नाट्यपुरस्कारांचा सोहळा आपण घरबसल्या पाहतो, पण ज्या नाटकांना पुरस्कार मिळाले त्यांतली बरीचशी आपण पाहिलेलीच नसतात. इथे आधी नाटक येतं, मग निकाल. प्रेक्षकाला स्वतःचं मत बनवायला पूर्ण आठवडा मिळतो. न्यूयॉर्कमध्ये १९४७ पासून दिल्या जाणाऱ्या टोनी पुरस्कारांतही हाच नियम आहे: एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्या विभागातली सगळी नामांकित नाटकं पाहिलेली असली पाहिजेत. मग आपण का नाही पाहायची? दुसऱ्या दिवशी पेपरात विजेत्यांची नावं वाचण्यात जो आनंद आहे, त्याच्या कितीतरी पट आनंद ‘मी हे पाहिलंय, आणि मला काय वाटलं ते मी सांगू शकतो’ यात आहे.

‘दिल्लीचं नाटक म्हणजे तिकडच्या बड्या लोकांचं, आपलं काय तिथे?’ असं पुष्कळांना वाटतं. तुम्ही राहता त्या टेकडीचंच पाहा ना. कागलच्या घाटग्यांच्या घरातला, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ हिंदूराव इथे राहायला आला. ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझरचा याच टेकडीवरचा, म्हणजे रिजवरचा वाडा, १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाल्यावर, हिंदूरावांकडे आला, आणि आजही तिथल्या रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. या शहरात आपण उपरे नाही. रुग्णालयात ड्यूटी करणाऱ्या सिस्टर, मुखर्जी नगरला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत गलाईच्या धंद्यात असलेली सांगलीकडची कुटुंबं, विद्यापीठातले विद्यार्थी, या सगळ्यांचा मंडी हाउसवर तितकाच हक्क आहे.

शिवाय त्या रंगमंचावर मराठी माणसांचा मान झालेला आहे. ‘मेटा’चा जीवनगौरव २०१७ मध्ये अरुण काकडे यांना मिळाला आणि २०१९ मध्ये महेश एलकुंचवार यांना. एलकुंचवारांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. काकडेकाकांबद्दल मात्र मुद्दाम सांगायला हवं. १९७१ मध्ये सुरू झालेली ‘आविष्कार’ ही संस्था त्यांनी पडद्यामागे राहून वर्षानुवर्षं चालवली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाची जी चळवळ उभी राहिली, तिच्यामागे तारखा ठरवणाऱ्या, पैसे जमवणाऱ्या, तालमीला जागा मिळवून देणाऱ्या अशा माणसांचे कष्ट होते. अशा माणसाला दिल्लीत बोलावून त्याचा सन्मान होतो, हे मला फार मोलाचं वाटतं. नाटक एकट्या नायकाच्या जिवावर उभं राहत नाही, ही जाण त्या पुरस्कारात होती.

आता काय करायचं ते सांगतो.

दहा नाटकांची यादी जाहीर झाली की ती नीट वाचा आणि त्यातून तीन निवडा. एक तुम्हाला येणाऱ्या भाषेतलं घ्या. मराठी नाटक असेल तर मराठी, नसेल तर हिंदी. दुसरं तुमच्या जगण्याशी जवळच्या विषयाचं घ्या. आणि तिसरं अशा भाषेतलं घ्या, जी तुम्हाला अजिबात कळत नाही: मल्याळम, आसामी, मणिपुरी, कन्नड, काहीही. या तिसऱ्या नाटकासाठी मी खास आग्रह धरतो. शब्द कळत नाहीत तेव्हा आपलं लक्ष नटाच्या पाठीकडे, चालण्याकडे, दोन पात्रांमधल्या अंतराकडे जातं. पार्श्वसंगीत कधी थांबलं तेही जाणवतं. मराठी नाटक पाहताना आपण संवादांच्या मागे धावतो आणि एवढं सगळं निसटून जातं.

तिकीट विकत घ्या. ओळखीने पास मिळतो का म्हणून विचारत बसू नका. दूरच्या गावाहून वीस-पंचवीस जण ट्रंका घेऊन रेल्वेने येतात, त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्या असणं वाईटच. पण फुकट मिळाल्या म्हणून अडवलेल्या आणि मध्यंतरात सोडून दिलेल्या खुर्च्या त्याहून वाईट.

जाणं अवघड नाही. हिंदूरावहून ई-रिक्षाने पुलबंगश गाठा. तिथून लाल लाइनने दोन स्टेशनं गेलं की कश्मीरी गेट, आणि तिथे गाडी बदलून व्हायोलेट लाइनने थेट मंडी हाउस. मेट्रोतून बाहेर आलात की कमानी आणि श्रीराम सेंटर दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. फोन बंद करा. सायलेंटवर ठेवून मांडीवर चमकवत बसलात तर मागच्या दहा जणांचा प्रयोग बिघडतो. लहान मुलांना आणायचं असेल तर नाटक त्यांच्यासाठी आहे का, हे आधी चौकशी करून पाहा.

सोबत एक छोटी वही ठेवा. ‘मेटा’त नाटक आणि दिग्दर्शक यांच्याशिवाय प्रमुख आणि सहायक अभिनेते-अभिनेत्री, समूह अभिनय, मूळ संहिता, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, ध्वनी आणि नृत्यरचना अशा अंगांनाही पुरस्कार असतात. हे विभाग वहीत लिहून ठेवा आणि घरी पोचल्यावर झोपण्याआधी प्रत्येकासमोर दोन ओळी लिहा. आपण एरवी ‘छान होतं’ किंवा ‘बोअर झालं’ एवढ्यावर थांबतो. प्रकाशयोजनेसमोरची जागा रिकामी राहिली की कळतं, आपण प्रकाश पाहिलाच नाही. पुढच्या नाटकात तो आपोआप दिसतो. नाटक पाहण्याची नजर अशी लिहिता लिहिता तयार होते, आणि निकालाच्या रात्री तुमच्याकडे तुमची स्वतःची यादी असते.

मग निकाल लागतो. तुमचं आवडतं नाटक रिकाम्या हाताने परतलं तर वाईट जरूर वाटून घ्या, पण परीक्षकांवर चिखलफेक करू नका. परीक्षक म्हणजे मोजकी जाणती माणसं आणि त्यांनी एका ठरावीक दिवशी पाहिलेला एक प्रयोग. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. १९६३ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. केवढा वाद झाला! पण त्या वादाने एकांकिकेचा दर्जा म्हणजे काय यावर मोकळेपणाने बोलणं झालं. तसंच बोला. ‘मला हे आवडलं’ याच्यापुढे ‘कारण’ हा शब्द लिहा. आणि ज्या संस्थेला काहीच मिळालं नाही, तिच्या माणसांना प्रयोगानंतर भेटून दोन चांगले शब्द सांगा. त्यांना त्याची जास्त गरज असते.

शेवटी आपल्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती. गणेशोत्सवात एकांकिका बसवण्यासाठी तुम्ही जिवाचं रान करता. तशीच मार्चमध्ये आपल्या सभासदांची एक तुकडी मंडी हाउसला घेऊन चला. ज्यांना एकट्याने जायला संकोच वाटतो अशा आजी, नव्याने दिल्लीत आलेली सून, वसतिगृहातली मुलं, या सगळ्यांना सोबत मिळेल. ज्या मुलीने मार्चमध्ये मणिपुरी नटांना हालचालीतून बोलताना पाहिलंय, ती गणेशोत्सवात तुमच्या एकांकिकेत वेगळी उभी राहील. आपल्या मंडळाच्या रंगमंचावर चांगलं नाटक उभं राहावं असं वाटत असेल, तर त्याची तयारी मार्चमध्ये प्रेक्षागृहातच सुरू होते.

तेव्हा यादी जाहीर झाली की त्याच दिवशी तिकिटं काढा: एक स्वतःसाठी आणि एक अशा माणसासाठी, ज्याने आजवर दिल्लीत एकही नाटक पाहिलेलं नाही.