‘उशिरा आणले’ या दोन शब्दांच्या पलीकडे

बालमृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत ‘बाळाला उशिरा आणले’ एवढे लिहिले की रकाना भरतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुणाच्या उपकेंद्रातले? तो कानावर पडताच सिस्टर मान खाली घालतात, आशाताई गप्प होतात. ज्यांना खरे माहीत आहे, त्यांचीच तोंडे बंद होतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडचे उदाहरण घेऊ. उशिरा का आणले? पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी होते. पाणी तर बहुतेक पावसाळ्यांत असते. मग आईला बाळंतपणाआधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात का नेले नाही? घरात रोवणी चालू, थोरल्या पोराकडे बघायला कुणी नाही. हे कारण दवाखान्याच्या नोंदवहीत सापडत नाही. ते आशाताईंना ठाऊक असते, दाईला असते, कधी गाडीच्या चालकाला असते. उपायही तिथूनच सुरू होतो: आईसोबत थोरले पोरही माहेरघरात राहील, याची सोय करा.

आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, याला ‘अंधश्रद्धा’ हे आपले तयार उत्तर. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी ते बाजूला ठेवून लोकांनाच विचारले. लोकांनी सांगितले की पांढरे कापड आम्ही प्रेतावर घालतो आणि इथे सगळे पांढऱ्यातच वावरतात. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. नातेवाइकांना जवळ थांबू देत नाहीत. त्या उत्तरांतून बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचा, शोधग्राममधला झोपड्यांच्या गावासारखा, दंतेश्वरी मातेच्या नावाचा दवाखाना उभा राहिला. बाळे घरीच दगावतात हे ओळखून ‘सर्च’ने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केले. ३९ गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. त्या बायांच्या हातची इंजेक्शनची सुई बाळाला वाचवू शकते, हे त्या वेळी आपल्यातल्या कितीजणांनी मान्य केले असते?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडूनही शिकण्यासारखे आहे. तिथे अभ्यासगट प्रश्नाचा खल करतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. आपल्याकडे मात्र कारण शोधणे आणि ‘कारणे दाखवा’ नोटीस काढणे एकाच टेबलावर, एकाच तासात चालते. नोटिशीची भीती असलेल्या खोलीत खरे कोण बोलेल? कुठे कामचुकारपणा असेल तर त्याची चौकशी जरूर व्हावी, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. पुढच्या बैठकीत आशाताईंना पहिल्यांदा बोलू द्या, तुम्ही सर्वांत शेवटी बोला. चालकाला दाराबाहेर उभे ठेवू नका. आईच्या घरी जाऊन आलेल्या व्यक्तीशिवाय बैठक सुरूच करू नका. आणि त्या दिवशी नव्याने काय कळले ते, गावाचे व माणसांचे नाव वगळून, आम्हाला लिहून पाठवा. पावसाळ्याआधीच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.