चिखलणीच्या दिवशी ट्रॅक्टर ‘टक्’ करून का थांबतो?

कोपर स्टेशनच्या आसपास आता खाचरांपेक्षा इमारतीच जास्त. तरी कल्याण तालुक्यात भातलावणी होतेच, आणि बऱ्याच ठिकाणी बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. अशा वेळी ऐन चिखलणीत ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर रोपे वाट पाहत नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बॅटरीवरचा मात्र २८ वरून १८ वरच थांबला. म्हणून बॅटरी बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते बघा.

आपली शेती एकपिकी. ट्रॅक्टर आवणीला आणि झोडणीला लागतो, एरवी उभाच. उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपोआप उतरते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते. त्यामुळे सेल्फ हळू फिरला की इंजिन लागत नाही.

हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड सैल आहे. टर्मिनल आणि चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. मीटर असेल, तर उभ्या ट्रॅक्टरवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.४ च्या खाली असल्यास चार्जिंग करा. दिवा तसाच, आवाजही नाही? मग क्लच-न्यूट्रलचा स्विच, फ्यूज व सोलेनॉइडची तार पाहा. ‘टक्’ होते, दिवाही मंदावत नाही, पण सेल्फ फिरत नाही, तर सोलेनॉइड किंवा सेल्फ तपासा. सेल्फ जोरात फिरतो आणि तरी इंजिन लागत नाही? मग बॅटरीला दोष देऊ नका. डिझेल, त्यातली हवा आणि डिझेल बंद करणारा सोलेनॉइड तपासा.

इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट मिळाले नाहीत, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. नवी बॅटरीही अशाने उतरतेच.

दोन गोष्टी टाळा. स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे टोक जोडू नका. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते. ट्रकची २४ व्होल्टची जोडणीही देऊ नका. आणि बॅटरीजवळ बिडी नकोच.

मे महिन्यात गावातल्या ट्रॅक्टरची एक दिवस तपासणी झाली, तर ही धावपळ वाचेल. ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी मिळून हे मनावर घ्यावे. खर्च एका मिस्त्रीचा आणि एका मीटरचा. आवणीचे चार दिवस गेले, तर ते मात्र पुन्हा भरून निघत नाहीत.