सात किलोंचें बिऱ्हाड

परदेशीं मुलाकडे अथवा मुलीकडे जाऊन दोन-तीन महिने राहून येणें ही गोष्ट आतां आपल्या घरांतून पूर्वीच्या काशीयात्रेइतकी अपूर्व राहिलेली नाहीं. अपूर्व म्हणावयाचें तर एवढेंच, कीं गेल्या हिंवाळ्यांत आम्ही व आमच्या सौभाग्यवती दहा आठवड्यांसाठीं म्युनिकला गेलों ते हातांतील एकेक पिशवी घेऊन. विमानाच्या पोटांत टाकावयास जातांना एकही डाग दिला नाहीं. हें ऐकून कांहीं स्नेह्यांनीं आम्हांस कृपण ठरविलें व कांहींनीं विरक्त. आम्ही दोहोंपैकीं एकही नाहीं. आमचें कारण निराळें होतें.

सन २०२२ च्या उन्हाळ्यांत आम्ही प्रथम मुलीकडे गेलों होतों. त्या वर्षीं युरोपांतील अनेक विमानतळांवर मनुष्यबळ अपुरें पडून मालकांपासून ताटातूट झालेल्या सामानाचे अक्षरशः ढीग सांचले होते. आमच्या दोन्ही मोठ्या बॅगा त्यांतच कोठेंतरी अडकल्या व सहाव्या दिवशीं घरीं पोहोंचल्या. कपड्यांवांचून फारसें अडलें नाहीं. जांवयांचे सदरे आम्हीं घातले. परंतु सौभाग्यवतींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ‘हातांत ओझें नको’ या आमच्याच शहाणपणामुळें, मोठ्या बॅगेंत होत्या. तेथील औषधालयांत अशी गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून देत नाहींत, आणि आपल्या गांवच्या डॉक्टरांची चिठ्ठी तेथें चालत नाहीं. त्यांत शनिवार-रविवार मध्यें आले. ते दोन दिवस मुलगी दर तीन तासांनीं आईचा रक्तदाब मोजीत होती व आंकडा मोठ्यानें सांगत नव्हती. आम्ही शेजारच्या खोलींत बसून सन १९९९ च्या माँट्रियल कराराचीं कलमें वाचीत होतों : सामान २१ दिवसांत न आल्यास तें हरवलें असें धरावें, विलंबाबद्दलची तक्रार सामान हातीं आल्यापासून २१ दिवसांच्या आंत लेखी करावी. कलमें न्याय्य होतीं, पण रक्तदाबास त्यांचा काय उपयोग! सोमवारीं डॉक्टर भेटले. तेव्हांपासून आमच्या घरांत मोठी बॅग हा शब्द उच्चारण्याची सोय राहिली नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. आपल्याकडील बहुतेक विमानकंपन्या साध्या वर्गाच्या उतारूस हातांतील पिशवीसाठीं सात किलोंची मर्यादा घालतात. प्रवास दोन कंपन्यांच्या विमानांनीं असेल तर जिचा नियम अधिक कडक तोच आपला समजावा. चाकें लाविलेली कडक पेटी रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सात किलोंतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वजन पेटी स्वतःच खाते. आम्ही संस्कृताचे मास्तर, तरी एवढी वजाबाकी आम्हांसही येते. आम्हीं स्वतःसाठीं कापडी पाठपिशवी घेतली. सौभाग्यवतींच्या पाठीस तें जमणारें नव्हतें, म्हणून त्यांच्यासाठीं हलकी चाकांची. जाड कोट व जड बूट अंगावरच घालून निघालों. पुण्याच्या उकाड्यांत आम्ही हिमालयावर निघालेल्या गिर्यारोहकासारखे दिसत होतों, व शेजारच्या मुलांनीं त्याची दखल घेतली. सुती कपडा वजनानें जड आणि थंडींत बंद घरांत लवकर वाळत नाहीं; म्हणून लोंकरीचे दोन पातळ सदरे एकावर एक घालावे आणि आळीपाळीनें धुवावे. एक सुती पातळ अर्ध्या किलोच्या घरांत जातें. सौभाग्यवतींनीं एकच घेतलें, तें संक्रांतीसाठीं.

औषधांविषयीं मात्र वाचकांनीं हयगय करूं नये. संपूर्ण मुक्कामाच्या गोळ्या मूळ पाकिटांतच, हातांतील पिशवींत ठेवाव्या. डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीवर औषधाचें मूळ रासायनिक नांव लिहून घ्यावें, कारण आपल्याकडील व्यापारी नांव तेथें कोणास कळत नाहीं. आणि विमान भरलें असेल तर चढतांना दारापाशींच तुमची पिशवी मागून घेऊन खालीं टाकण्याचा संभव असतो. अशा वेळीं गोळ्या व मोबाइलची पॉवर बँक आधीं बाहेर काढावी. पॉवर बँक खालच्या सामानांत चालतच नाहीं. आम्हीं या दोन वस्तूंसाठीं सौभाग्यवतींच्या पर्समध्यें एक लहान कापडी बटवा ठेवला होता.

खरी अडचण वजनाची नव्हे, वहिनींची होती. आमच्या थोरल्या बंधूंच्या मागें घर त्यांनीं सांभाळलें, आमच्या मुलीच्या वेण्या त्यांनींच घातल्या. मुलगी परदेशीं गेल्यापासून जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर त्यांच्या हातचें साजूक तूप जाई. आम्हांस सांगावें लागलें, कीं दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपांत नेण्यास मनाई आहे, मग ते हातांत असोत वा पोटांत. आजवर गेलें तें केवळ कोणी पाहिलें नाहीं म्हणून. लोणचें नियमाप्रमाणें द्रवांतच मोजतात, आणि सन २००६ पासून चालत आलेल्या नियमानें द्रव पदार्थाची एकेक बाटली १०० मिलिलिटरपेक्षां मोठी चालत नाहीं. ताजा कढीलिंबसुद्धां प्रमाणपत्रावांचून नेतां येत नाहीं. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मग पाठवायचं तरी काय, भाऊजी? नुसता निरोप?”

मेतकूट व भाजणी यांस कोणताच नियम आड येत नव्हता. तीं अर्धा-अर्धा किलो घेतलीं. पण दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं नातवासाठीं शिवलेली गोधडी आणून ठेवली. तींत आमच्या मातोश्रींच्या दोन जुन्या लुगड्यांचे तुकडे होते. काठ आम्हीं ओळखले. काट्याला अडकवून तोलली, ती एक किलो चारशें ग्रॅम भरली. दुसरा स्वेटर काढला, चपला काढल्या, तरी भागेना. तेव्हां आमचा बांधीव अमरकोश बाहेर आला. लहानपणीं तो आम्हीं पाठ केला होता. त्यांतील कितपत शिल्लक आहे, हें पाहण्यास दहा आठवडे उत्तम होते. (तिसऱ्या वर्गाच्या पुढें फारसें कांहीं उरलेलें नाहीं.)

विमानतळावर आमची पिशवी सात किलो भरली व सौभाग्यवतींची सहा किलो नऊशें. उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशीं उभ्या असलेल्या मंडळींना ओलांडून आम्ही सरळ बाहेर पडलों. मुलीनें प्रथम आईच्या पर्सकडे पाहिलें. आईनें बटवा काढून दाखविला, तेव्हां ती हंसली.

परतीची हकीकतही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मुलीनें वहिनींसाठीं लोंकरी शाल व गुडघ्यांचे गरम पट्टे, घरांतील सात मुलांसाठीं रंगपेट्या व चॉकोलेटें, असें काय काय आणून ठेविलें. नाहीं म्हणण्याचें सामर्थ्य आम्हीं वहिनींपाशींच खर्च केलें होतें. एक मोठी बॅग विकत घ्यावी लागली. ती अठरा किलो भरली. ती विमानाच्या पोटांत गेली व या खेपेस वेळेवर आली. गोळ्यांचा बटवा मात्र पर्समध्येंच होता.