माशांचे मरण आणि पाण्याची जबाबदारी

तलावाच्या काठावर एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसला की प्रथम विषप्रयोगाचीच चर्चा होते. पंचनामा होतो, संशय शेजाऱ्यापाजाऱ्यांवर जातो आणि चार दिवसांत सारे विसरले जाते. विषप्रयोग कधी होतच नाहीत, असे नव्हे. परंतु साठलेल्या गोड्या पाण्यातील मासे एका रात्रीत मोठ्या प्रमाणावर मरण्याचे नेहमीचे कारण प्राणवायूचा अभाव हे असते, आणि त्याची चाहूल आधी लागू शकते.

बीडसारख्या पर्जन्यछायेतील जिल्ह्यात हा विचार अधिक निकडीचा आहे. बिंदुसरा, माजलगाव, मांजरा हे प्रकल्प असोत, गावोगावचे लहान तलाव असोत, की २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील शेततळी असोत. उन्हाळ्यात पाणी आटते, उथळ होते आणि तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. सांडपाणी, शेण आणि शेतांतून वाहून आलेली खते यांवर शेवाळ पोसते. ते दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र स्वतःच शोषून घेते. त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत खाली जाते. सलग ढगाळ दिवसांनंतर, किंवा पहिल्या पावसाने तळाचा गाळ ढवळला गेल्यावर, कटला, राहू पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. ही धोक्याची अखेरची सूचना होय.

अशा वेळी शेततळ्यात खाद्य व खत तत्काळ थांबवून, पंपाने पाणी उंचावरून फवारून मासे वाचविता येतात. शेकडो एकरांच्या तलावात हे शक्य नाही, आणि दुष्काळात सोडण्यास ताजे पाणी तरी कोठून आणणार? तेथे मत्स्यबीज सोडताना हिशेब सप्टेंबरच्या भरलेल्या तलावाचा न करता मे महिन्यातील पाण्याचा करावा, आणि पातळी घटू लागताच मासे काढून विकावेत, हेच शहाणपणाचे.

खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. पाणी एका खात्याचे, मासे दुसऱ्याचे, सांडपाणी नगरपालिकेचे आणि प्रदूषण मंडळाचे. नुकसान मात्र ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचे! जलप्रदूषणाचा कायदा १९७४पासून आहे. मत्स्यसंवर्धनाच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, हा केंद्रीय मंडळाचा निकषही आहे. उणीव आहे ती तलावाच्या काठावर, पहाटेच्या वेळी, नियमित मोजमापाची.

मार्च ते जुलै या काळात प्रत्येक ठेक्याच्या तलावावर असे मोजमाप व्हावे आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. साधे संच मिळाल्यास विज्ञानाचे शिक्षक व विद्यार्थी हे काम सहज करू शकतील. यातील कित्येक तलावांचे पाणी माणसेही पितात, एवढे ध्यानात घेतले, तरी हा प्रश्न केवळ मच्छीमारांचा नाही, हे पटावे.