‘मिथाइलेटेड’ म्हणजे किती?

जनुकीय चाचणीत बीआरसीए-१ मध्ये म्युटेशन सापडले नाही की बहुतेक ठिकाणी त्या जनुकाचा विषय तिथेच मिटतो. ट्रिपल निगेटिव्ह गाठींच्या बाबतीत तो मिटू नये. यातल्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या गाठींत जनुकाचा क्रम शाबूत असतो, पण प्रमोटरवर मिथाइल गट चढल्याने जनुक बंद पडलेले असते. सिक्वेन्सिंगला हे दिसत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या दोन आघातांपैकी एक आघात असाही असू शकतो, हे आता पाठ्यपुस्तकात आले आहे. २००० साली एस्टेलर आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक नसलेल्या स्तनकर्करोगांत सुमारे १३ टक्के गाठींत हे मिथाइलेशन दाखवले. मेड्युलरी आणि म्युसिनस प्रकारांत त्याहून बरेच जास्त.

इथून पुढची उडी मात्र आपण फार सहज मारतो. जनुक बंद म्हणजे डीएनए दुरुस्ती बंद, म्हणजे प्लॅटिनम आणि पार्प-रोधक लागू पडणार! तर्क देखणा आहे. ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीने तो तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जन्मजात बीआरसीए म्युटेशन असलेल्या रुग्णांपैकी ६८ टक्क्यांनी कार्बोप्लॅटिनला प्रतिसाद दिला, डोसेटॅक्सेलला ३३ टक्क्यांनी. बीआरसीए-१ मिथाइलेटेड गाठींत कार्बोप्लॅटिनची अशी सरशी दिसली नाही.

असे का, याचे संभाव्य उत्तर मिथाइलेशनच्या स्वभावात आहे. म्युटेशन सहसा कायमचे असते. मिथाइल गट पुसले जातात. या चाचणीत मिथाइलेशन बहुतांशी मूळ गाठीच्या जुन्या ब्लॉकवर पाहिले होते आणि उपचार पुढे पसरलेल्या रोगावर झाले. मधल्या काळात दिलेल्या केमोच्या माऱ्यात जनुक पुन्हा चालू झालेल्या पेशीच तगणार, हे उघड आहे. रुग्णांच्या उंदरांत वाढवलेल्या गाठींत प्रतिरोध येताना मिथाइलेशन गेलेले प्रत्यक्ष दिसले आहे. अंडाशयाच्या कर्करोगातला २०१८ चा रुकापॅरिबचा अभ्यास तर आणखी स्पष्ट बोलतो: जनुकाच्या सगळ्या प्रती मिथाइलेटेड असतील तर प्रतिसाद, एक जरी प्रत मोकळी राहिली तर प्रतिरोध.

म्हणजे प्रश्न ‘आहे की नाही’ हा नसून ‘किती’ हा आहे, आणि आपले रिपोर्ट नेमके तिथे गप्प बसतात. मिथाइलेशन-स्पेसिफिक पीसीआर हजारात एक मिथाइलेटेड प्रतही पकडते. संशोधनात हा गुण. उपचार ठरवताना हाच दोष. जेलवरची फिकट पट्टी आणि ठळक पट्टी दोन्ही ‘पॉझिटिव्ह’च्याच रकान्यात जातात. टक्केवारी दिली तरी भागत नाही. समजा आकडा ५० आला. ब्लॉकमध्ये गाठीच्या पेशी निम्म्याच असतील आणि त्यांच्या दोन्ही प्रती मिथाइलेटेड असतील, तरी ५०. सगळ्या पेशी गाठीच्याच असून प्रत्येकीत एक प्रत मोकळी असेल, तरी ५०. पहिल्या रुग्णाला औषध लागू पडण्याची आशा आहे, दुसऱ्याला जवळपास नाही. हा फरक सांगू शकतो तो स्लाइड पाहणारा पॅथॉलॉजिस्ट, यंत्र नव्हे. त्यात फॉर्मॅलिनने आधीच जीर्ण झालेला डीएनए बायसल्फाइटच्या प्रक्रियेत आणखी तुटतो. मोजायला मोजकेच रेणू उरले की आकडा दोलायमान होणारच.

मिथाइलेशन काढून जनुके जागी करण्याच्या औषधांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. अझासायटिडिनला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली ती मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी. स्तनाच्या गाठींत तसे यश आलेले नाही. शिवाय ट्रिपल निगेटिव्ह गाठीत बीआरसीए-१ पुन्हा चालू करणे म्हणजे प्लॅटिनमची धार आपणच बोथट करणे. या दोन उपचारांची सांगड घालण्याचे प्रस्ताव वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आमच्याकडे येणाऱ्या केस रिपोर्टांत ‘बीआरसीए-१ मिथाइलेटेड’ एवढाच शेरा बऱ्याचदा असतो. पुढील अंकापासून अशा लेखनात मिथाइलेशनची टक्केवारी, नमुन्यातील गाठीच्या पेशींचे प्रमाण, दुसरी प्रत शिल्लक आहे की गेली याची नोंद, आणि ब्लॉक केमोच्या आधीचा की नंतरचा, ही माहिती हवी. ती नसल्यास लेख दुरुस्तीसाठी परत पाठवला जाईल. पसरलेल्या रोगात मिथाइलेशनच्या आधारे औषध निवडायचे असेल, तर शक्य तिथे नवी बायोप्सी घ्या. पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर विसंबू नका.